चाखणारा गिळत नाही

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

नवी डायरी, नवा माणूस. ठरलं. ताईला लिव्हर मी देणार. अख्खं नाही, साठ टक्के. उरलेलं पुन्हा वाढतं म्हणे, नखं वाढतात तसं. वाढतं हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, नखं माझी.

काल हॉस्पिटलात सगळ्यांच्या देखत जाहीर करून टाकलं. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, माझे दोन्ही हात धरून रडले. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जसं गेल्या बावीस वर्षांत बघितलं नव्हतं. ताई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, नक्की ना रे धाकट्या? मी म्हटलं, म्हणजे काय! आवाज जरा चढाच लागला. शेजारच्या कॉटवरचे आजोबा दचकून उठले.

ताईचे डोळे पिवळे झालेत. शेवटी शेवटी आप्पांचे झाले होते तसे. बोलताना तिच्या कपाळाकडे बघायचं, म्हणजे डोळे दिसत नाहीत. ही युक्ती जमली.

२ फेब्रुवारी, दुपारी

तपशील. ऑपरेशन २४ मार्चला. रक्तगट जुळतो, आतल्या नळ्या जुळतात. अडचण एकच, माझ्या लिव्हरवर थोडी चरबी आहे. फॅटी, ग्रेड वन. सात आठवड्यांत पाच किलो उतरवायचे. रोज पाऊण तास चालायचं. तळलेलं बंद, गोड बंद. कुठलीही गोळी, चूर्ण, काढा, पावडर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी हे तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं पुरतं. एक फॉर्म दिलाय, त्यात रोजचं खाणं आणि चालणं भरायचं.

माझ्यानंतर एकच माणूस उरतो. भाची. ताईची एकुलती एक, चोवीस वर्षांची. तिची तपासणीसुद्धा ताई करू देत नाही. म्हणते, पोरीच्या पोटाला सुरी लागणार असेल तर मी आत्ता उठून घरी जाते आणि मरते. त्यामुळे आहे तो मीच. बरं वाटलं. कधी नव्हे ते कुणीतरी माझ्यावर अवलंबून आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी ५.३०

उठलो. नवे बूट घातले.

५.५०. बूट काढले. नवे बूट एकदम पाऊण तास घातले की टाच सोलवटते. आधी घरात सवय करायला हवी. सोफ्यावर बसून सवय केली.

५ फेब्रुवारी

चाललो. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. फॉर्मवर ४५ मिनिटं लिहिलं. इरादा तेवढाच होता.

७ फेब्रुवारी, दुपारी १, ऑफिसात

सापडलं! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, नव्हे, तोंडात होतं.

चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. ती लिव्हरवरची चरबी कमी करतात. तीन लेख वाचले. चौथा वाचला नाही, कारण त्याची सुरुवातच ‘मात्र’ने होती.

आणि माझा धंदा काय? चहा चाखणं! कंपनीच्या टेस्टिंग रूममध्ये लांबलचक पांढरं टेबल, त्यावर रोज दोनशे वाट्या कोरा चहा. चमचा भरायचा, जोरात भुरका मारायचा, चहा जिभेवरून टाळ्यापर्यंत उडवायचा, कडक की तुरट, ताजा की शिळा ते सांगायचं आणि पिकदाणीत थुंकायचं. सव्वीस वर्षं. म्हणजे सव्वीस वर्षं मी रोज दोनशे चमचे औषध तोंडात घेतोय आणि थुंकून देतोय. लिव्हरवर चरबी चढेल नाही तर काय!

सोमवारपासून गिळणार. चालण्याची गरज उरत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी ११

गिळले. नव्वद चमचे. ज्युनिअर बाई, माझ्या हाताखालची टेस्टर, बघत राहिली. विचारलं, सर, पिकदाणी भरलीय का? म्हटलं, नाही, मी भरतोय. तिला कळलं नाही. विनोद जरा वरचा होता.

एक चमत्कारिक गोष्ट. १०.२० ला ज्युनिअर बाई फोन घ्यायला बाहेर गेली. खोलीत मी एकटा. मी चमचा गिळला आणि टेबलाच्या त्या टोकाला, खिडकीपाशी, कुणीतरी थुंकलं. पिकदाणीत पडतो तसा स्पष्ट आवाज. तिथे कुणी उभं राहत नाही. तिथे रिकाम्या खोक्यांची चळत असते.

पाइप असणार. जुनी बिल्डिंग.

१० फेब्रुवारी

गिळले १४०. हात किंचित थरथरतो. उत्साह.

१०.२० ला पुन्हा पाइप. पाइपाने आधी भुरका मारला, मग थुंकला.

१२ फेब्रुवारी

दाजी भेटले. ताईच्या पोटात पाणी धरलंय, परवा तीन लिटर काढलं. त्यांनी विचारलं, ती मेलेल्या माणसांच्या अवयवांची यादी असते, तिच्यात ताईचं नाव घालून ठेवू का? नंबर लागायला वेळ लागतो, असावं म्हणून. मी म्हटलं, दाजी, मी जिवंत समोर उभा असताना मेलेल्यांच्या दारात कशाला जायचं? ते ओशाळले. म्हणाले, खरंय, तुझ्या भरवशावरच तर आहोत.

छाती फुगली. मग धडधडायला लागली ती संध्याकाळपर्यंत.

१३ फेब्रुवारी

त्या टोकाची जागा कुणाची, हे लिहून टाकतो. मनात ठेवलं की उगाच वाढतं. ती आप्पांची. माझे वडील. ह्याच कंपनीत, ह्याच टेबलाशी तीस वर्षं चाखायचे. उजेड तिथे सगळ्यात चांगला म्हणून खिडकीपाशी. त्यांचंही लिव्हरच गेलं. दारूच्या थेंबालाही कधी शिवले नाहीत, पण लोक कुजबुजायचेच. ते गेले आणि काही वर्षांनी मी लागलो. त्यांची जागा मला देऊ केली होती. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांवर ऊन येतं.

लिहिलं. बरं वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

आज खोके नव्हते. टोकाला एक वाटी मांडलेली, झाकण घालून, शेजारी चमचा. वाट्या मांडणाऱ्या मावशींना विचारलं, ही कुणाची? म्हणाल्या, साहेब, तुम्हीच तर गेल्या आठवड्यात म्हणालात, तिथेही एक मांडत जा. मी म्हणालो? मी असलं कशाला म्हणेन? मावशींचं वय झालंय.

झाकण काढून बघितलं. वाटी अर्धी रिकामी.

बाष्पीभवन.

१८ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एका लॉटला धुराचा वास होता, मी ‘ताजा, गोडसर’ लिहून पास केला. ज्युनिअर बाईने पकडला. शिवाय मी दर दहा मिनिटांनी बाथरूमला जातो असं त्यांच्या कानावर आलंय. साहेब म्हणाले, सुट्टी घ्या हवी तर, बहिणीचं टेन्शन असेल. मी म्हटलं, टेन्शन कसलं? मी तर मजेत आहे. हे बोलताना टेबलावरचा त्यांचा पेनस्टँड माझ्या हाताने पाडला.

गिळणं बंद करावं लागणार. दोनशे चमचे म्हणजे दोन लिटर जातो. पाणी जास्त, औषध कमी. पद्धत चुकली, तत्त्व नाही.

२० फेब्रुवारी

कॅप्सूल! ग्रीन टीचा अर्क. एका कॅप्सूलमध्ये कित्येक कपांचा माल, पाण्याचा थेंब नाही. कुरिअर आलं. हिरवी डबी, वर कोवळ्या पानाचं चित्र. मागे बारीक अक्षरात बरंच काही. चष्मा ऑफिसात राहिलाय.

उपाशीपोटी घेतलं की अंगी जास्त लागतं, असं दुसऱ्या लेखात होतं. रोज एक म्हणतात ते सर्वसाधारण माणसासाठी. माझ्याकडे महिनाच आहे. म्हणून चार. पहाटे, अनशापोटी.

कोऑर्डिनेटर मॅडमच्या फॉर्मवर रकाना आहे, इतर औषधे अथवा सप्लिमेंट्स. लिहिलं, नाही. खोटं नाही हे. चहा हे औषध थोडंच आहे?

२१ फेब्रुवारी, सकाळी ५.४०

चार घेतल्या. स्वयंपाकघरात उभा होतो. ग्लास खाली ठेवतो तोच पाठीमागून आवाज. गिळू नकोस.

आप्पाच. त्यांचं ते बोलणं, नाकातून, प्रत्येक शब्दानंतर किंचित थांबून. मला पहिल्यांदा चमचा हातात दिला तेव्हा म्हणाले होते, चाखणारा गिळत नाही, हे ध्यानात ठेव. जिभेचं काम जिभेवर संपवायचं.

वळून बघितलं. फ्रिज.

आप्पांच्या काळी कॅटेचिनचा शोध लागला नव्हता. भूत झालं तरी विचार जुनेच.

२३ फेब्रुवारी

ताईकडे. कपाळाकडे बघत बसलो. ती पलंगावर, हात फुलांच्या देठांसारखे. तिने विचारलं, चालतोस का रे रोज? म्हटलं, हो तर. वजन? म्हटलं, उतरतंय. ती म्हणाली, तुला लहानपणी साधं इंजेक्शन म्हटलं तर पलंगाखाली जाऊन बसायचास, मी केरसुणीच्या दांड्याने बाहेर काढायची. सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता घाम आला.

आप्पा हॉस्पिटलात आठ दिवस होते. ताई आठही दिवस तिथेच बसून होती. ती तेव्हा पंचवीस, मी एकोणीस. मी एकदा गेलो होतो. दारापर्यंत. आप्पांनी मान वळवली, मला बघितलं आणि पाणी मागितलं. मला वाटलं, ताई देईल. ताई डॉक्टरांना शोधायला गेली होती, हे मला नंतर कळलं.

हे इथे कशाला लिहिलं? कॅटेचिनशी ह्याचा काही संबंध नाही.

२८ फेब्रुवारी

मळमळ. अन्न समोर आलं की नको वाटतं. म्हणजे भूक मेली. म्हणजे वजन उतरणार. अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय.

बायको म्हणाली, तोंड उतरलंय तुमचं. म्हटलं, तोंड नाही, वजन.

३ मार्च, सकाळी ६

साडेतीन किलो कमी!!! एक पाऊल न चालता. डॉक्टरीणबाईंना सांगून शोधनिबंध लिहायला हवा. नाव माझं पहिलं.

दिवसाला पाच केल्या.

५ मार्च

दुपारी दोन वाजता सोफ्यावर डोळा लागला. जाग आली तर समोरच्या खुर्चीत आप्पा. लख्ख उजेड, रस्त्यावर गाड्या, खाली कुणीतरी पार्किंगवरून भांडतंय, आणि हे निवांत बसलेले. हातात चमचा. माझ्या पोटाकडे बघत होते, लॉट नापास करताना बघायचे तसे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांना फोन करा. म्हटलं, आप्पांसाठी? ती उठून आत गेली.

मला वाटतं त्यांना हेवा वाटतो. त्यांच्या वेळी ट्रान्सप्लांट असतं तर ते वाचले असते. देणारा मीच होतो ना घरात. एकोणीस वर्षांचा, ठणठणीत.

दिलं असतं का मी?

अर्थात. काय प्रश्न आहे!

८ मार्च

अंग खाजतंय. पाठ, तळपाय. साबण बदलला.

लघवी गडद, कोऱ्या चहासारखी. बरोबरच आहे. जे आत जातंय ते बाहेर येतंय. कारखाना चालू असल्याची खूण.

१० मार्च, ऑफिसात

जीभ गेली. सगळे चहा एकसारखे लागतात, पितळी. ज्युनिअर बाई चाखते, मी तिच्यामागे उभा राहून मान हलवतो. वाटी टोकाला रोज मांडलेली असते. मावशींना आता विचारत नाही. त्या वाटीपाशी गेलं की पोटात उजवीकडे, बरगडीखाली, दुखतं. लांब गेलं तरी दुखतं, पण जवळ गेलं की जास्त.

कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन. मधली एक रक्ततपासणी करून घेऊ का, मन शांत राहील. म्हटलं, माझं मन शांतच आहे, शेवटचीच करू. त्या म्हणाल्या, काही घेत नाही ना वेगळं? मी म्हटलं, मॅडम, मी चाखणारा माणूस, गिळत नाही.

आप्पा हसले. टेबलाच्या टोकाला. खरोखर हसले, ज्युनिअर बाईनेही वळून बघितलं. ती म्हणते, तुम्हीच हसलात सर.

१३ मार्च, सकाळी ७

आरशात आप्पा.

आधी वाटलं, मागे उभे आहेत. मागे टॉवेल होता. नीट बघितलं. डोळे त्यांचे होते, चेहरा माझा. पांढऱ्या जागी पिवळं. बल्ब बदलला. खिडकीत जाऊन बघितलं. मोबाइलवर फोटो काढला, फोटोतही पिवळं. मोबाइल जुना झालाय.

बायकोने दारातून बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. म्हणाली, काय केलंत हो तुम्ही? मी म्हटलं, झोप झाली नाही. तिने कपाट उघडलं, मोज्यांमागची डबी काढली. डबी मोज्यांमागे का ठेवली होती ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिने चष्मा मला आणून दिला. तो ऑफिसात नव्हता, टीव्हीवर होता.

१७ मार्च

एसजीपीटी ६१२. चाळीसच्या आत असावं लागतं. बिलिरुबिनही वर.

डॉक्टरीणबाईंनी डबी टेबलावर ठेवली आणि शांतपणे समजावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कपातला चहा बहुतेकांच्या लिव्हरला काही करत नाही, म्हणाल्या, उलट बराच असेल. पण तेच द्रव्य पिळून, घट्ट करून, उपाशीपोटी इतकं घेतलं की काही माणसांच्या लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. तुम्ही त्या काहींपैकी एक. वेळेत बंद केलंत तर बहुधा पूर्ववत होईल. महिना, दोन महिने.

मी विचारलं, २४ तारखेपर्यंत नाही होणार?

त्या म्हणाल्या, तुम्ही आता पेशंट आहात, दाता नाही.

दाजी बाहेर बाकावर बसले होते, फाइल मांडीवर. त्यांना मी नाही, कोऑर्डिनेटर मॅडमनी सांगितलं. मी तेव्हा पाणी प्यायला गेलो होतो. काचेतून दिसत होतं. दाजींनी फाइल उघडली, मिटली, परत उघडली. जसं काही आत दुसरं नाव सापडेल.

१९ मार्च

बायको माझ्याशी बोलत नाही. डबी धुण्याच्या मशीनवर ठेवलीय, येता-जाता दिसेल अशी.

खरं लिहितो. वाचणारं कुणी नाही.

डबीवरचं मी वाचलं होतं. कुरिअर आलं त्याच दिवशी, दारातच, चष्मा लावून. लाल अक्षरांत होतं. लिव्हरचा त्रास असल्यास घेऊ नये. उपाशीपोटी घेऊ नये. दिवसाला एकापेक्षा जास्त घेऊ नये. अंग खाजल्यास, डोळे पिवळे झाल्यास ताबडतोब बंद करून डॉक्टरांना भेटावं. तो ‘मात्र’वाला लेखही वाचला होता. दोनदा.

तरी घेतल्या. मला ताईला वाचवायचंच होतं. देवाशपथ वाचवायचं होतं. फक्त टेबलावर आडवं पडायचं नव्हतं. ह्या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात ते मला सांगता येत नाही, पण राहिल्या, शेजारी शेजारी, भांडण न करता.

घाबरलो होतो. पहिल्या दिवसापासून.

वरची ओळ खोडावी असं वाटतंय. पेन चालत नाही. चालतंय, हे लिहितोय त्याअर्थी. हात चालत नाही.

२१ मार्च

ताई गुंगीत गेली. माणसं ओळखत नाही. मला आप्पा म्हणाली. म्हणाली, आप्पा, धाकट्याला नका ओरडू, तो येईल.

मी कपाळाकडे बघायला विसरलो. डोळे बघितले.

यादीत नाव काल घातलं. त्याआधी चारशेच्या वर माणसं आहेत. डॉक्टरांच्या मते ताईकडे दोन-तीन आठवडे. भाची कोऑर्डिनेटर मॅडमच्या केबिनमध्ये गेली, स्वतःच सगळ्या कागदांवर सही करून आली. दाजी तिला अडवायला उठले आणि अर्ध्यात बसले. तिला कुणी काही म्हणालं नाही. म्हणणार कोण? नको म्हणणारी एकटी ताई, ती गुंगीत.

भाची माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता बोलणार. तिने विचारलं, मामा, ते एमआरआय मशीन फार आवाज करतं का? म्हटलं, नाही, सवय होते. मी त्या मशीनमध्ये गेलो होतो तेव्हा बेल दाबून दोनदा बाहेर आलो होतो. हे तिला सांगितलं नाही.

६ एप्रिल, सकाळी ९.१०

दोघींना आत नेलं. भाचीला आधी. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा परवापासून होती.

ऑफिसला रजा. तरी जाऊन बघितलं, घरात बसवेना. टोकाची वाटी मांडलेली नव्हती. मावशी म्हणाल्या, तुम्हीच बंद करा म्हणालात. असेल. थांबलो, कान देऊन. भुरका नाही, थुंकणं नाही. ज्युनिअर बाई आपलं काम करत होती, भराभर, छान. खोलीत एवढीच माणसं होती, ती आणि मी.

आप्पा निघून गेले तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं असं की त्यांनी माझा लॉट बघितला, वहीत शेरा लिहिला आणि पुढच्या लॉटकडे गेले.

७ एप्रिल

दोघी शुद्धीवर. दोघींचं ठीक. ताईला सांगितलं कुणाचं आहे ते. दाजींनी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवली नाही. मी गेलो नाही. मला थोडी सर्दी आहे, इन्फेक्शनचा धोका.

१५ एप्रिल

सर्दी अजून आहे.

२२ एप्रिल

चालायला लागलोय. खरोखरीचं. रोज पाऊण तास. बूट आता चावत नाहीत. नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन परत. फॉर्म राहिला होता, त्यात भरतो. द्यायचा कुणाला, माहीत नाही.

३० एप्रिल, दुपारी ४

सकाळी माझा रिपोर्ट आला. एसजीपीटी ३१. बिलिरुबिन नॉर्मल. सोनोग्राफीत चरबी नाही. कोऑर्डिनेटर मॅडम फोनवर म्हणाल्या, लिव्हर एकदम पहिल्या नंबरचं झालंय तुमचं.

रिपोर्ट घेऊन ताईकडे गेलो. हॉस्पिटलजवळ भाड्याची खोली घेतलीय त्यांनी, तपासण्या संपेपर्यंत. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत औषधांचा डबा. मला वाटलं होतं, चांगली बातमी आहे, आनंद होईल तिला. जिन्यात लक्षात आलं की ह्या बातमीचा आता तिला काय उपयोग? रिपोर्ट घडी करून खिशात घातला.

ताईचे डोळे पांढरे झालेत. बघता येतं. मी खुर्चीत बसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, घाबरला होतास का रे धाकट्या?

आता ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. डायरीत लिहिलंय मी ते, तारखेसकट. तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे, कॅटेचिन सुरू झालं. कॅटेचिन म्हणजे काय, उपाशीपोटी ते कसं शोषलं जातं, सगळ्यांनाच त्रास होत नाही, हजारात एखाद्याला, नेमका मीच कसा निघालो, लेबलं किती बारीक अक्षरात छापतात, सरकारने लक्ष घालायला हवं. दहा-बारा मिनिटं बोललो. ताईने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणाली, नको होतं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचंस. मी रागावले नसते. त्याच दिवशी यादीत नाव घातलं असतं. माझ्या पोरीचं पोट तरी वाचलं असतं.

मी सांगायला घेतलं, की यादीत नंबर लागायला फार वेळ...

दार उघडलं. भाची आली, एक हात पोटावर, पाऊल मोजून मोजून टाकत. खालच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन आली होती, आज पहिल्यांदाच. दम लागला होता. हातात माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा होता. खोलीत एक नजर टाकली आणि म्हणाली, मामा, जरा उठता का? मला बसायचंय.

उठलो.